लास वेगासला आई-बाबांना घेऊन जातोय: जुगार न खेळता, फारसा खर्च न करता काय बघता येईल?

रावपुरेकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे बडोद्याहून ताईकडे लॉस एंजेलिसला चाललोय. आई, बाबा, मी, बायको आणि चौथीतली मुलगी. ताई-भावजींनी नाताळच्या आधी दोन-तीन रात्री लास वेगासला न्यायचं ठरवलंय. गाडीने चार-पाच तासांचा रस्ता आहे.

अडचण अशी की बाबांना हे गावच पसंत नाही. "जुगाराच्या अड्ड्यावर जाऊन मी काय करू?" असं त्यांचं म्हणणं. आईचे गुडघे दुखतात, पण तिला दिवे, फुलं, कारंजी यांची फार हौस. मोठे शो बघायचे तर सहा-सात जणांची तिकिटं रुपयांत मोजली की छाती दडपते. म्हणून विचारतो: पत्त्याला हात न लावता, तिकीट न काढता तिथे बघण्यासारखं खरंच काही आहे का? आपल्यापैकी बरेच जण मुलांकडे जाऊन आलेत. इंटरनेटवरच्या याद्या नकोत, जाऊन आलेल्यांनी सांगावं.

खारीवाववाली

आहे, आणि भरपूर आहे. आईंना हौस आहे म्हणता, मग बेलाजिओ हॉटेलपासूनच सुरुवात करा.

रस्त्यालगत तळं आहे, त्यात नाचती कारंजी. दुपारनंतर दर अर्ध्या तासाने आणि संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी, मध्यरात्रीपर्यंत. १९९८ साली हॉटेल उघडलं तेव्हापासून चालू आहेत. आपण लहानपणी आजव्याला रंगीत कारंजी बघायला जायचो ना, तीच गंमत, फक्त इथे बाराशेच्या वर नळ्या आहेत आणि सगळ्यात उंच झोत ४६० फुटांपर्यंत जातो. तो झोत सुटताना तोफेसारखा आवाज होतो. दर वेळी गाणं वेगळं, त्यामुळे एकच खेळ बघून निघू नका. जोराचा वारा असला तर मात्र खेळ रद्द करतात, म्हणून पहिल्याच संध्याकाळी जा. हुकलं तर दुसरी संध्याकाळ हातात राहते.

कठड्याजवळ उभं राहायला गर्दी असते. समोरच्या बाजूला पॅरिस हॉटेल आहे, आयफेल टॉवरच्या निम्म्या उंचीची प्रतिकृती असलेलं. तिथल्या फुटपाथवरून सगळी कारंजी एका नजरेत मावतात आणि धक्काबुक्कीही कमी.

मग आत जा. लॉबीच्या छतावर डेल चिहुली या कलाकाराने केलेली काचेची फुलं आहेत, दोन हजारांच्या आसपास. मान वर करून बघत राहावं अशी. तिथून पुढे फुलांचं दालन. वर्षातून पाच वेळा संपूर्ण मांडणी बदलतात आणि डिसेंबरात नाताळची असते. खरी झाडं, खरी फुलं, त्यांतूनच केलेले मोठाले प्राणी आणि देखावे. चोवीस तास उघडं, एक पैसा नाही. सकाळी सातच्या सुमारास गेलात तर दालनात तुम्ही आणि पाणी घालणारे माळीच असाल. ते वाळलेलं एकेक फूल खुडून तिथे ताजं लावत असतात. माझ्या सासूबाई अर्धा तास नुसतं तेच बघत उभ्या होत्या.

फत्तेगंज_विनू

इंटरनेटवरच्या याद्या नकोत म्हणालात ते बरंच केलंत, कारण त्या फार जुन्या आहेत. मिराज हॉटेलबाहेरचा ज्वालामुखी अजून सगळीकडे 'फुकट बघा' म्हणून सापडतो. तो १९८९ पासून होता, पण हॉटेल जुलै २०२४ मध्ये बंद झालं आणि ज्वालामुखीही गेला. तिथे आता गिटारच्या आकाराचं नवं हॉटेल उभं राहतंय. ट्रेझर आयलंडसमोरचं चाच्यांचं नाटक तर २०१३ लाच संपलं. ट्रॉपिकाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुंग लावून पाडलं. वेगासमध्ये जुनं ठेवत नाहीत, पाडून नवं बांधतात. निघायच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाच्या स्वतःच्या वेबसाइटवर वेळा बघून घ्या.

माजलपूरचे_काका

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. बाबा म्हणतात ते मला पटतं. एवढा खर्च करून अमेरिकेला जायचं आणि जुगाराच्या गावात तीन दिवस घालवायचे, कशासाठी? त्यापेक्षा निसर्ग बघा. ग्रँड कॅन्यन बघा. फुकट म्हणून दाखवतात ते सगळं तुम्हाला आत ओढायलाच ना?

गणिताचे_सर

काका, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. पण तेच नीट समजून घेतलं तर कुटुंबाला न्यायला हरकत नाही, असं मला वाटतं.

कारंजं फुकट का? कारण ते बघायला माणूस दारापर्यंत येतो. फुलांचं दालन आत का? कारण तिथे जाताना आणि येताना वाटेत जुगाराची यंत्रं लागतात. कॅसिनोत खिडकी नसते, भिंतीवर घड्याळ नसतं, बाहेर पडायचा रस्ता पटकन सापडत नाही. हे सगळं विचार करून केलेलं असतं. नेवाडा राज्याने जुगार १९३१ साली कायदेशीर केला, तेव्हापासून या विद्येत ते मुरलेले आहेत.

आता हिशोब. रूलेट म्हणजे फिरत्या चाकात टाकलेली गोळी कुठल्या आकड्यावर थांबते यावर पैसे लावायचा खेळ. तिथल्या चाकावर १ ते ३६ आकडे असतात, वर एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, म्हणजे ३८ घरं. एका आकड्यावर डॉलर लावून जिंकलात तर ३५ डॉलर मिळतात आणि तुमचा डॉलर परत, एकूण ३६. समजा प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावला. गेले ३८, आले ३६. कुठलाही आकडा येवो, दोन डॉलर त्यांचे. म्हणजे शंभरामागे सव्वापाच डॉलर. हल्ली मोठ्या हॉटेलांत तिसरं शून्य असलेली चाकं आलीत. तिथे गेले ३९, आले ३६, म्हणजे शंभरामागे जवळजवळ पावणेआठ. एवढं एक शून्य वाढवलं की त्यांची कमाई दीडपट होते आणि खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

स्लॉट मशीनचं तर आकडेगणितसुद्धा दिसत नाही. कायद्याने किमान ७५ टक्के परत द्यावे लागतात. व्यवहारात त्याहून जास्त देतात, पण नेमके किती ते यंत्रावर लिहिलेलं नसतं.

मुलीला चाक दुरून दाखवा आणि हा हिशोब कागदावर करून घ्या. शक्यता या विषयाचा इतका चांगला धडा वर्गात देता येत नाही.

माजलपूरचे_काका

सर, पण आपल्याकडेही श्रावणात सातम-आठमला घराघरांत पत्ते खेळतातच की. तिथे कोणी एवढा हिशोब करतं का?

गणिताचे_सर

घरच्या पत्त्यांत एकाचा गेलेला पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि दुसरा म्हणजे आपलाच मेहुणा. मध्ये बसून कोणी वाटा काढून घेत नाही. मी त्याचंही समर्थन करत नाही. पण कॅसिनोत समोर बसलेला माणूस खेळाडू नसतो, तो कंपनीचा नोकर असतो आणि कंपनीचा वाटा खेळाच्या नियमांतच घातलेला असतो. त्यामुळे जितका वेळ बसाल तितकं हरणं पक्कं होत जातं. फुकट दारू पाजतात तीही याचसाठी, माणसाने उठू नये म्हणून.

मांडवीची_सून

मुलगी चौथीत आहे म्हणून कायद्याचं एक सांगते. २१ वर्षांखालच्यांना खेळायला मनाईच आहे, आणि कॅसिनोत रेंगाळायलाही. पण बहुतेक हॉटेलांत कुठेही जायचं तर कॅसिनोतूनच वाट असते. मधल्या रुंद वाटेवरून मुलांना घेऊन चालत जाता येतं. यंत्राजवळ थांबून फोटो काढायला गेलात की सुरक्षा रक्षक येऊन पुढे व्हायला सांगतो, तोही सौजन्यानेच. मुलीला आधीच समजावून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही.

मुलांसाठी मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे फ्लेमिंगो हॉटेलच्या मागची बाग. खरे गुलाबी फ्लेमिंगो, मोठे कोई मासे, कासवं, धबधबे. हॉटेल १९४६ सालचं, त्या रस्त्यावरच्या सगळ्यात जुन्यांपैकी. बागेत बाकं आहेत, सावली आहे आणि रस्त्याचा गोंगाट आत येत नाही. आईंचे गुडघे दुखायला लागले की तिथे बसवा.

सर्कस सर्कस नावाचं हॉटेल आहे, थोडं जुनाट. तिथे १९६८ पासून झुल्यावरचे, कसरतींचे खेळ फुकट दाखवतात. आपल्याकडे आता सर्कस कुठे बघायला मिळते? माझ्या मुलाने पहिल्यांदा तिथे बघितली. त्याच मजल्यावर आजूबाजूला पैसे घालून खेळायचे खेळ मांडलेले असतात, तिकडे मुलांचा हात घट्ट धरा.

चॉकलेटच्या गोळ्यांचं चार मजली दुकान, हर्शेचं चॉकलेटचं दुकान, ही दुकानं नुसती फिरायलाही चालतात. गाडी आहे तर हेंडरसनला एथेल एम चॉकलेट कारखान्याशेजारी निवडुंगांची बाग आहे, तीनशेच्या आसपास जाती. डिसेंबरात तिथे निवडुंगांवर दिव्यांची आरास करतात. आईंना नक्की आवडेल.

रावपुरेकर

वा, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका आहेत. बाबांना दम्याचा थोडा त्रास आहे आणि कॅसिनोत सिगारेटचा धूर असतो असं ऐकलंय. आणि आईला चालणं किती पडेल? नकाशावर हॉटेलं शेजारी-शेजारी दिसतात.

दांडियाबाजार_डॅलस

नकाशावर विश्वास ठेवू नका. एकेक हॉटेल एवढं अवाढव्य आहे की शेजारच्या दारात जायला वीस मिनिटं लागतात. मुख्य रस्ता, ज्याला स्ट्रिप म्हणतात, पावणेसात किलोमीटरचा आहे. रस्ता ओलांडायला पूल आहेत, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण जिना बंद असला तर वळसा पडतो. त्या पुलांवर थांबून फोटो काढत बसू नका. २०२४ च्या जानेवारीपासून पुलावर थांबायलाच बंदी केली आहे.

चालणं वाचवायला दोन फुकट ट्राम आहेत. एक मँडले बे ते लक्सर ते एक्सकॅलिबर. दुसरी पार्क एमजीएमपासून आरिया करत बेलाजिओपर्यंत. ही दुसरी तुमच्या आईंसाठी सोन्यासारखी. मोनोरेल मात्र वेगळी, तिला तिकीट आहे. बसला दिवसभराचा पास मिळतो.

धुराचं म्हणाल तर हो, कॅसिनोच्या मजल्यावर ओढायला परवानगी आहे. हवा खेळती ठेवतात तरी वास येतो. स्ट्रिपवर पार्क एमजीएम हे पूर्ण धूरमुक्त हॉटेल आहे, २०२० पासून. तिथेच राहिलात तर बाबांचा प्रश्न सुटेल आणि ट्राम दारात मिळेल.

आता माझी आवडती ठिकाणं. स्फिअर हा प्रचंड गोल २०२३ मध्ये उघडला. आतल्या खेळाचं तिकीट जबर आहे, पण बाहेरचा अख्खा पृष्ठभाग म्हणजेच पडदा. ११२ मीटर उंच, सुमारे ५४ हजार चौरस मीटर दिवे. कधी चंद्र, कधी उघडझाप करणारा डोळा, कधी बास्केटबॉल. रस्त्यावर उभं राहून बघायला काहीच लागत नाही. वेनेशियन हॉटेलच्या मागच्या बाजूला आहे. वेनेशियनमध्येही जाऊन या. आत कालवे आहेत, नावाडी गाणी म्हणत नाव चालवतात आणि छतावर रंगवलेलं आभाळ असं आहे की रात्री दहालाही संध्याकाळचे पाच वाटतात. नावेत बसायला पैसे, काठावरून बघायला नाहीत.

जुन्या गावात फ्रीमाँट स्ट्रीट आहे. रस्त्यावर ४२० मीटर लांबीचं छत घातलंय आणि त्या छतात ४ कोटी ९३ लाख दिवे. संध्याकाळी सहापासून दर तासाला खेळ असतो. सबंध रस्ता मान वर करून उभा असतो. पण आई-बाबा आणि मुलगी सोबत आहेत तर सहा-सातचे खेळ बघा आणि आठच्या आत निघा. नंतर आवाज फार वाढतो, दारू वाहते, आणि रस्त्यावर फोटोसाठी उभे असणारे जवळजवळ उघडेच असतात. बाबांना अवघडल्यासारखं होईल.

अलकापुरी_आत्या

मी आत्ताच वाचते आहे. बाबांसाठी एक जागा कोणीच सांगितली नाही म्हणून लिहिते.

सीझर्स पॅलेसच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, ब्रह्मदेवाचं देऊळ आहे. खरंच आहे. थायलंडमध्ये घडवलेली चतुर्मुख मूर्ती, बँकॉकच्या प्रसिद्ध देवळावरून केलेली, १९८४ साली आणली. सोनेरी मूर्ती, चारी बाजूंनी मोकळा चौथरा. लोक उदबत्त्या लावतात, झेंडूच्या माळा घालतात, पायाशी संत्री ठेवतात. मी गेले तेव्हा एक थाई बाई लाकडाचे छोटे हत्ती पिशवीतून काढून एकेक करून ओळीने मांडत होत्या. सगळे मांडून झाल्यावर त्यांनी चारही तोंडांसमोर जाऊन वेगवेगळा नमस्कार केला. मागे बसेस, दिवे, आरडाओरडा चालूच होता.

आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं किती कमी, आणि हे असं रस्त्यात भेटतं. काही जण तिथे जिंकण्यासाठीही हात जोडतात, पण बरेचसे नुसतेच जोडतात. बाबांना तिथे घेऊन जा. आणि मंदिरातच जायचं असेल तर गावाच्या पश्चिमेला समरलिन भागात हिंदू मंदिरही आहे, तिथे गाडीने जावं लागतं.

खारीवाववाली

आत्या, आम्ही सीझर्सवरून चालत गेलो आणि हे दिसलंच नाही. पुढच्या वेळी नक्की.

नर्मदा_कॉलनी

रावपुरेकर, बाबा काय करायचे? वयाचा अंदाज घेऊन विचारतो, कारण त्यावर एक गोष्ट सुचवायची आहे.

रावपुरेकर

पाटबंधारे खात्यात होते. आयुष्य कालवे आणि धरणांवर गेलं.

नर्मदा_कॉलनी

मग तुमचा प्रश्न सुटला. हूवर धरण वेगासपासून पन्नास किलोमीटरवर आहे, पाऊण तासाची गाडी. बाबांना 'वेगासला चला' म्हणू नका, 'हूवर बघायला चला' म्हणा.

मी स्वतः याच कामात होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपलं सरदार सरोवर १६३ मीटर उंच आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. हूवर २२१ मीटर उंच, पण माथ्यावरची लांबी फक्त ३७९ मीटर. अरुंद दरीत पाचरीसारखं बसवलंय. पायाशी जाडी २०० मीटर, माथ्याशी जेमतेम १४. कमान असल्यामुळे पाण्याचा बराचसा रेटा दोन्ही बाजूंच्या खडकात जातो. माथ्यावर उभं राहून खाली वाकून बघितलं की भिंत आपल्या पायाखालून आत-आत जाताना दिसते आणि पोटात गोळा येतो.

काम १९३१ ला सुरू झालं, काँक्रीट ओतायला जून १९३३ मध्ये लागले आणि मे १९३५ मध्ये संपवलंसुद्धा. काँक्रीट घट्ट होताना तापतं, हे बाबांना सांगायला नको. एवढा मोठा गोळा आपोआप थंड व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती आणि तोपर्यंत भेगा पडल्या असत्या. म्हणून वेगवेगळे चौकोनी ठोकळे ओतले, प्रत्येकात एक इंची लोखंडी नळ्या पुरल्या आणि त्यांतून थंड पाणी फिरवलं. थंड झाल्यावर त्याच नळ्या आणि सांधे सिमेंटने भरून टाकले. ती शेकडो किलोमीटर नळी आजही धरणाच्या पोटात आहे.

धरणावर चालायला पैसे नाहीत. आतला वीजगृहाचा दौरा आणि माहिती केंद्राला तिकीट आहे. नेवाडाच्या बाजूच्या पार्किंगला पैसे पडतात. गाडीनेच धरण ओलांडून पलीकडे ॲरिझोनात गेलात की फुकट जागा मिळते, तिथून चालत परत या. धरणाच्या मधोमध राज्याची सीमा आहे. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन बाजूंना दोन घड्याळं आहेत, एकावर नेवाडाची वेळ, दुसऱ्यावर ॲरिझोनाची. डिसेंबरात त्यांत एक तासाचा फरक असतो. मुलीला तिथे उभं करून विचारा, आत्ता किती वाजले.

मागे लेक मीड आहे. खडकांवर पांढरा पट्टा दिसेल, ती जुनी पाणीपातळी. पाणी किती खाली गेलंय ते बाबा एका नजरेत ओळखतील. आणि नवा पूल, २०१० चा, नदीपासून साधारण २७० मीटर उंच. त्यावर पादचाऱ्यांची वाट आहे, तीही मोफत. धरण समोरून पूर्ण दिसतं ते तिथूनच. वर जायला थोडा चढ आहे, आई खाली गाडीत थांबल्या तरी चालेल.

सकाळी लवकर जा. प्रवेशाला गाड्यांची तपासणी होते, उशीर केला की रांग लागते.

माजलपूरचे_काका

हे मात्र मला माहीत नव्हतं. धरण बघायला मीही गेलो असतो. पण एक सांगा, एवढ्या वाळवंटात हॉटेलवाले कारंज्यांसाठी पाणी आणतात कुठून? लोकांच्या तोंडचं पाणी काढून करमणूक करत असतील तर ते बघायलासुद्धा मन धजावत नाही.

नर्मदा_कॉलनी

प्रश्न रास्त आहे. गावाचं साधारण ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, म्हणजे लेक मीडमधून येतं. बेलाजिओचं तळं मात्र त्या पाण्यावर नाही. त्या जागेवर पूर्वी ड्यून्स हॉटेलचं गोल्फ मैदान होतं आणि त्याच्या विहिरीचा हक्क होता. तळं त्याच भूजलावर आहे. हिरवळीला लागायचं त्यापेक्षा तळ्याला कमी लागतं, असं ते सांगतात. शिवाय घरातल्या नळांतून आणि संडासांतून जाणारं जवळजवळ सगळं सांडपाणी शुद्ध करून परत लेक मीडला सोडतात. परत न येणारं पाणी म्हणजे बागांना घातलेलं आणि वाफ होऊन गेलेलं, म्हणून त्यांचा सगळा रोख शोभेची हिरवळ काढून टाकण्यावर आहे. बडोद्याला आजवा सरोवर बांधताना सयाजीराव महाराजांनी पुढच्या पिढ्यांचा विचार केला होता. इकडे सांडपाण्याच्या बाबतीत आपण अजून वेगासच्या बरेच मागे आहोत, असं मला कळकळीने वाटतं.

फत्तेगंज_विनू

खर्चाच्या फसव्या जागाही लिहून ठेवतो, नाहीतर फुकट बघायला जाल आणि खिसा रिकामा होईल.

खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' लागते, दर रात्री. कधी कधी ती भाड्याइतकीच असते. मे २०२५ पासून नियमाने एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते, तरी पैसे भरण्याआधी शेवटचा आकडाच बघा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग, रविवार ते गुरुवार स्वस्त. २०१६ पासून बऱ्याच हॉटेलांनी पार्किंगचेही पैसे घ्यायला सुरुवात केली, ते वेगळे विचारून घ्या.

खोलीतल्या छोट्या फ्रिजला हात लावू नका. काही हॉटेलांत बाटली उचलून परत ठेवली तरी बिलात येते. आईंनी घरचं दही-ताक त्यात ठेवलं तरी पैसे लावतात. थंडीचे दिवस आहेत, धपाटे आणि थेपले बाहेर दोन दिवस टिकतील. पाण्याच्या बाटल्या स्ट्रिपवरच्या औषधांच्या दुकानातून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रस्त्यावर किंवा मॉलमध्ये कोणी हसतमुखाने 'फुकट शोची तिकिटं हवीत का?' विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. आमच्या ओळखीच्या जोडप्याला एका कंपनीने असंच नेलं. दीड तासाचं माहितीसत्र म्हणाले आणि दुपार खाल्ली. वर्षातून एक आठवडा हक्काची खोली, असा करार गळ्यात मारायचा असतो. त्यांनी सही केली नाही, पण काकूंना त्या खोलीत रडू आलं. तीन-तीन माणसं आळीपाळीने येऊन बोलत होती.

मांडवीची_सून

विनूभाऊ, यात आणखी दोन घाला. कार्टूनचा किंवा नर्तकीचा पोशाख घातलेली माणसं मुलांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभी राहतात आणि मग वीस डॉलर मागतात. आणि भगव्या कपड्यातले काही जण मनगटात मणी घालतात, वही पुढे करतात. आपल्या वडीलधाऱ्यांना भगवं दिसलं की हात आपोआप पुढे होतो. त्यांना आधी सांगून ठेवा.

दांडियाबाजार_डॅलस

'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' ही पाटी राहिली. १९५९ साली बेटी विलिस या बाईंनी तिचं डिझाइन केलं आणि त्यावर हक्कच घेतला नाही, गावाला भेट म्हणून दिलं. म्हणून ती जगभर कपांवर, टी-शर्टांवर दिसते आणि बाईंना त्यातून काही मिळालं नाही. फोटोसाठी रांग असते, सकाळी लवकर गेलात तर पाच मिनिटांत काम होतं. पार्किंग रस्त्याच्या मधोमध आहे, तिथेही पैसे नाहीत. मात्र दक्षिणेकडे जाणाऱ्या बाजूनेच आत वळता येतं.

तिथून आणखी दक्षिणेला, वाळवंटात, 'सेव्हन मॅजिक माउंटन्स' आहे. भडक रंग दिलेले प्रचंड दगड एकावर एक रचलेत, तीस-पस्तीस फूट उंच, सात मनोरे. उगो रोंडिनोने या स्विस कलाकाराचं काम, २०१६ पासून. लॉस एंजेलिसहून येतानाच लागतं, वेगळी फेरी नको. आपल्या फाइन आर्ट्सच्या मुलांनी बघावं असं आहे.

अलकापुरी_आत्या

स्वेटर आणि कानटोपी घ्या. उन्हाळ्यात तिथे ४५ च्या वर जातं, जुलै २०२४ मध्ये ४८.९ झालं होतं. त्यामुळे लोकांना वाटतं कायम गरमच असणार. डिसेंबरात रात्री चार-पाच अंशांवर येतं आणि कारंज्यापाशी वारा बोचतो. आपल्या बडोद्याच्या थंडीचे कपडे पुरायचे नाहीत.

रावपुरेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी धरणाचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि नळ्यांचं ऐकल्यावर आत जाऊन स्वतःच्या जुन्या वह्या काढून बसले. आता त्यांना वीजगृहाचा दौराही हवाय. तेवढं तिकीट काढणार, ठरलं.

असं जमवलंय: येताना वाटेत रंगीत दगड. पार्क एमजीएममध्ये खोली, रविवार ते बुधवार. पहिल्या संध्याकाळी ट्रामने बेलाजिओ, कारंजी. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं, मग ब्रह्मदेव, समोर फ्लेमिंगोची बाग, दुपारी आराम, रात्री स्फिअर आणि वेनेशियन. तिसरा दिवस धरणाचा, परत येताना निवडुंगांचे दिवे. फ्रीमाँट जमलं तर सहाचा खेळ. सर्कस मुलीच्या हट्टावर.

नर्मदा कॉलनी काका, एकच विचारायचं राहिलं: आईला धरणावर चालायला जमेल का, की तिला आणि मुलीला निवडुंगांच्या बागेत सोडून आम्ही पुढे जावं?

नर्मदा_कॉलनी

माथ्यावरचा रस्ता सपाट आहे, फुटपाथ रुंद आहे. आईंना आणि मुलीला माहिती केंद्राजवळ उतरवा, मग गाडी पलीकडे लावून या. पुलावर मात्र तुम्ही आणि बाबाच जा. बाग संध्याकाळीच ठेवा, दिवसा दिवे दिसायचे नाहीत. दौऱ्याची तिकिटं आदल्या रात्री उपलब्ध आहेत का बघा, नाताळच्या आठवड्यात लवकर संपतात.